पुदिन्याचा गारवा येतो कुठून? सरबत, मुखवास आणि हुक्क्यातलं मिंट

लिंबाच्या सरबताचे दोन पेले भरा. एकात पेपरमिंटच्या तेलाचा जेमतेम एक टिपूस घाला, दुसरा तसाच राहू द्या. तासाभराने दोन्ही फ्रीजमधून काढून थर्मामीटर बुडवलात तर आकडा दोन्हीकडे तोच येईल. घोट घेतलात की मात्र पेपरमिंटचा पेला चांगलाच गार लागतो. बर्फ वाढवलेला नाही, पाणी जास्त थंड नाही, तरी जीभ ठामपणे सांगते की हा पेला जास्त गार आहे.

मिंटच्या फ्लेवरचं सगळं शास्त्र या एका फरकातून सुरू होतं. बडोद्यातल्या एका एसेन्सच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. टूथपेस्ट, चघळायच्या गोळ्या, मुखवास, सरबतं, सगळ्यांना मिंट लागायचं आणि प्रत्येकाला वेगळं लागायचं. आता निवृत्त झाल्यावर ओळखीतली मंडळी प्रश्न घेऊन येतात. दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, मुखवासात पेपरमिंट किती घालू, माझा कडू का होतो? कॉलेजात जाणारी भाचरं जरा आवाज खाली करून विचारतात, हुक्क्याच्या फ्लेवरमध्ये मिंट कुठलं चांगलं आणि कशात किती मिसळायचं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच रसायनात आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच घेते. हुक्क्याचं नाव काढल्यावर विषय बदलणाऱ्यांतली मी नाही. मुलं विचारतात तेव्हा त्यांना पूर्ण उत्तर मिळायला हवं, अर्धं नको.

वास वेगळा, गारवा वेगळा

घरात पेपरमिंटची गोळी असेल तर एक प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि गोळी तोंडात टाका. गोड लागेल, तोंड गार पडेल, पण ‘मिंट’ असं काही कळणार नाही. आता नाक सोडा. क्षणात मिंटचा वास तोंडभर पसरेल. वास नाकाच्या वरच्या भागातल्या गंधपेशींनी ओळखला, गारवा मात्र चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या वेगळ्याच मज्जातंतूने पोचवला. म्हणून नाक बंद असतानाही तो कळत होता.

त्या मज्जातंतूच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण २५ ते २८ अंशांच्या खाली तापमान उतरलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. मेंथॉल हा पदार्थ त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि तापमान उतरलेलं नसतानाच ते उघडतो. दाराची बेल वाजावी, आपण लगबगीने दार उघडावं आणि बाहेर कुणीच नसावं, तसा हा गारवा. बेल खरोखर वाजलेली असते, पाहुणा आलेला नसतो.

हे प्रथिन २००२ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधलं, आणि ते शोधायला दोघांनीही मेंथॉलच वापरलं होतं. त्यांतल्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस, दुसऱ्या प्रयोगशाळेचे आर्डेम पॅटापूटियन. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात या कामाबद्दल २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. ज्युलियस यांनी त्याआधी मिरचीवर असंच काम केलं होतं. मिरचीने तोंड भाजतं तेव्हाही तोंड तापलेलं नसतं. उष्णता ओळखणारं प्रथिन मिरचीतला पदार्थ उघडतो, एवढंच.

मेंथॉल आणखी एक करतं. या प्रथिनाला ते हळवं करून ठेवतं, त्यामुळे एरवी गार न वाटणारी हवाही गार वाटू लागते. गोळी खाल्ल्यावर तोंडाने श्वास ओढला की जो झोत जाणवतो तो यामुळे. सर्दीत नाक चोंदलेलं असताना मेंथॉलची डबी हुंगली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेही यामुळेच. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजून पाहिली तर मेंथॉलच्या आधी आणि नंतर फारसा फरक सापडत नाही. मोकळं झाल्याची जाणीव खरी, नाक मात्र होतं तितकंच बंद. ही गोष्ट लक्षात राहू द्या, हुक्क्याकडे वळल्यावर तिची गरज पडेल.

आणि मात्रा वाढली की हाच पदार्थ झोंबतो. गारव्याच्या जागी जळजळ, कडवटपणा आणि डोळ्यांत पाणी येतं. मैत्रिणीचा मुखवास कडू होतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुदिना एक नाही

खंडेराव मार्केटच्या आवारात सकाळी भाजीवाल्यांकडे पुदिन्याच्या जुड्या असतात. एक पान घेऊन उन्हात तिरकं धरा आणि मागची बाजू भिंगातून बघा. पानाच्या अंगाला लागून बारीक, चकचकीत ठिपके दिसतील. तेल त्या ठिपक्यांत असतं, पानाच्या गरात नाही. म्हणून पान नुसतं तळहातांत घेऊन चोळलं तरी घमघमाट सुटतो, आणि मिक्सरमध्ये पाच मिनिटं गरगर फिरवलं की वास फारसा वाढत नाही, गवताळ कडूपणा तेवढा उतरतो. सरबतासाठी पुदिना वाटू नये, साखरेबरोबर खलबत्त्यात हलक्या हाताने चेचावा, असं मी सगळ्यांना सांगते.

आपल्या चटणीतला हा पुदिना स्पिअरमिंटच्या कुळातला. यात मेंथॉल जवळजवळ नसतंच. याचा वास कार्व्होन नावाच्या रेणूचा असतो. या कार्व्होनची एक गंमत मला अजून तितकीच आवडते जितकी कारखान्यात पहिल्यांदा बाटली हुंगताना आवडली होती. कार्व्होनचा रेणू दोन रूपांत असतो, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. अणू तेच, जोडणी तीच, फक्त बाजू उलट. एका रूपाचा वास पुदिन्याचा येतो आणि दुसऱ्याचा बाळंतशोपेचा! बाळंतिणीच्या मुखवासातली ती शेपूची बी आणि चटणीतला पुदिना, दोन्हींत मुख्य रेणू कार्व्होनच असतो. आपलं नाक मात्र डावं-उजवं ओळखतं.

पेपरमिंट हे दुसरं झाड. पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांच्या निसर्गतः झालेल्या संकरातून ते आलं. त्याला रुजणारं बी धरत नाही, लावायचं ते मुळ्या-फुटव्यांपासून. त्याच्या तेलात साधारण ३० ते ५० टक्के मेंथॉल असतं आणि बाकी मेंथोन, सिनिऑल वगैरे मंडळी. कोवळ्या झाडात मेंथोन जास्त, झाड पिकत गेलं की त्यातलं बरंचसं मेंथॉलमध्ये बदलतं. कापणी लवकर केलेल्या तेलाला हिरवट, धारदार वास येतो तो त्यामुळे. चांगलं पेपरमिंट तेल म्हणजे नुसता गारवा नव्हे. त्यात थोडा गोडवा असतो, थोडा मातीचा वास असतो, आणि तोंडात ते टप्प्याटप्प्याने उलगडतं.

तिसरा प्रकार जपानी पुदिना. उत्तर प्रदेशातले शेतकरी याला नुसतं ‘मेंथा’ म्हणतात. बाराबंकी, संभल, रामपूर, बदायूं या पट्ट्यात गहू-बटाट्याच्या मागोमाग हे पीक घेतात आणि पावसाळ्याच्या आधी कापून वाफेवर तेल काढतात. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने ‘हिमालय’, ‘कोसी’ अशी वाणं त्यांना दिली. मेंथा तेलात आज भारत जगात पहिला आहे, आणि वायदे बाजारात सोनं-चांदीच्या यादीत मेंथा तेलाचाही भाव लागतो. कारण यात ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. तेल थंड करत नेलं की मेंथॉलचे लांब, सुईच्या आकाराचे स्फटिक खाली बसतात. ते वेगळे काढायचे, उरलेलं तेल वेगळं विकायचं. काष्ठौषधींच्या दुकानात ‘पिपरमिंटचं फूल’ म्हणून मिळतं ते हे स्फटिक. नाव पिपरमिंटचं, झाड बहुधा मेंथाचं.

मेंथॉल प्रयोगशाळेतही बनतं. रेणूची आठ रूपं शक्य असतात, त्यातलं एकच खरं गार आणि स्वच्छ वासाचं. नेमकं तेवढंच बनवण्याची पद्धत जपानच्या ताकासागो कंपनीने १९८०च्या दशकात उभी केली. तिच्या मुळाशी ज्यांचं संशोधन होतं त्या र्‍योजी नोयोरी यांना २००१ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता हुक्क्याच्या डब्यावर ‘आइस’ लिहिलेलं असतं ते काय? दाढीची पाती बनवणाऱ्या विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात असे शेकडो पदार्थ तयार केले ज्यांना मिंटचा वास नाही, पण गारवा आहे. त्यातले डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ आज च्युइंगमपासून हुक्क्यापर्यंत सगळीकडे आहेत. ‘मँगो आइस’मध्ये पुदिन्याचं पानही नसतं. वास आंब्याचा, गारवा या पावडरीचा. मेंथॉलचा गारवा नाकात आणि टाळूला लगेच चढतो, यांचा उशिरा येतो आणि जास्त वेळ राहतो.

अमृतधारा, म्हणजे डोळ्यांसमोर घडणारं रसायन

गारवा किती जोराचा असू शकतो ते समजायला अमृतधारेइतकी सोपी गोष्ट नाही. पिपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे, पांढरे, खडखडीत. तिन्ही समभाग घेऊन काचेच्या बाटलीत घाला, बूच लावा आणि हलवा. पाण्याचा थेंबही घातलेला नाही. आधी खडे एकमेकांना चिकटू लागतात, बाटलीच्या कडेला ओल धरते, मग तळाशी पाझर दिसतो, आणि थोड्या वेळाने बाटलीत स्वच्छ तेलकट पातळ पदार्थ उरतो. प्रत्येक पदार्थ एकटा असताना खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो. एकत्र आले की एकमेकांची नीट रचून बसण्याची सोय मोडतात, आणि मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो.

ही अमृतधारा थेंबाने मोजायची गोष्ट आहे. तान्ह्या बाळाच्या किंवा लहान मुलाच्या नाकाजवळ ती लावायची नाही, मेंथॉलचं दुसरं काहीही लावायचं नाही. त्यांचा श्वास अडकू शकतो. मोठ्यांनीही कापूर पोटात घेताना वैद्याला विचारलेलं बरं.

जुळवायचं कसं

कारखान्यात आमचा क्रम ठरलेला असायचा आणि घरी मी तोच पाळते. आधी वास बसवायचा, गारवा सर्वांत शेवटी. उलटं केलं तर मेंथॉलने जीभ आणि नाक दोन्ही व्यापतात आणि बाकी काय घातलंय ते कळेनासं होतं. एक घोट चाखल्यावर पुढचा घ्यायच्या आधी साधं पाणी पिऊन थोडं थांबायचं. मेंथॉल चाखत गेलं की जीभ त्याला सरावते आणि माणूस वाढवत सुटतो. दुसऱ्या दिवशी तीच बाटली उघडली की डोळ्यांत पाणी येतं.

कशाबरोबर काय जमतं, याला नुसती आवड पुरत नाही, रेणूंचं नातंही बघावं लागतं. पुदिन्याच्या तेलात लिमोनिन असतं आणि लिंबा-संत्र्याच्या सालीत तर त्याचं राज्यच. म्हणून लिंबू-पुदिना ही जोडी कुणी शिकवावी लागत नाही. पेपरमिंटमध्ये सिनिऑल असतं, तेच वेलदोड्यात भरपूर असतं. त्यामुळे वेलदोडा पेपरमिंटला सहज आत घेतो, आणि वेलदोडा घातलेल्या मुखवासात पेपरमिंट कमी लागतं. बडीशेप स्वतः गोड वासाची, ती मेंथॉलची धार बोथट करते. कलिंगड, काकडी, अननस यांना मला स्पिअरमिंट बरं वाटतं, कारण ही फळं हलकी आहेत आणि पेपरमिंट त्यांच्यावर चढून बसतं. चॉकलेट जड असतं, त्याला पेपरमिंटच हवं. गुलाबाच्या बाबतीत मी हट्टी आहे. गुलकंदात पेपरमिंट घालणारे पुष्कळ आहेत, पण गुलाबाचा वास नाजूक असतो, मेंथॉलपुढे तो उरत नाही. घालायचंच तर इतकं कमी घाला की नाव कळू नये. आंबा आणि मिंट मला पटत नाही. केशर आंब्याचा रस समोर असताना त्याला गारव्याची भर कशाला घालायची?

सरबताचं माझं प्रमाण असं. लिटरभर पाण्याला पाऊण वाटी साखर, तीन लिंबं, मूठभर पुदिन्याची पानं साखरेबरोबर चेचून, काळं मीठ चवीपुरतं. पाच-दहा मिनिटांत गाळून घ्यायचं, पानं जास्त वेळ बुडवून ठेवायची नाहीत. एवढ्यात वास पूर्ण होतो, गारवा थोडा कमी असतो. तो हवा असेल तर पिपरमिंटच्या फुलाचा तांदळाच्या दाण्याएवढा कण दोन चमचे पिठीसाखरेत घोटून मिसळायचा. थेट पाण्यात टाकू नका. मेंथॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, वर तरंगतं, आणि ज्याच्या पेल्यात तो कण जाईल त्याचा ठसका थांबत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र ते छान विरघळतं. एसेन्सच्या बाटलीत पाणी नसतं त्याचं कारण तेच. बडोद्यात हा धंदा रुजण्यामागेही अल्कोहोलचा हात आहे. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली इथे अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू केली ती अल्कोहोल आणि टिंक्चरं, म्हणजे अल्कोहोलमधले औषधी अर्क, बनवायला.

मुखवासासाठी पाव किलो भाजलेली बडीशेप, तीळ, थोडी धणाडाळ आणि बाळंतशोप असेल तर पिपरमिंट अगदीच कमी पुरतं. बाळंतशोप त्या कार्व्होनमुळे मिंटला ओळखीचा आधार देते. स्फटिक आधी चमचाभर खडीसाखरेच्या पुडीत घोटायचे, मिश्रण पूर्ण गार झाल्यावर वरून चोळायचे. गरम बडीशेपेत घातलं तर मेंथॉल तिथल्या तिथे उडून जातं आणि मुखवासाऐवजी स्वयंपाकघर सुगंधी होतं.

आता हुक्का

तंबाखू उत्तर हिंदुस्थानच्या दरबारात पोचली ती आपल्या दख्खनमधून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने अकबराला ती नजर केली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गुडगुडीत गुळाच्या काकवीत मळलेली तंबाखू असायची. आजची हुक्क्याची तंबाखू त्याच घराण्यातली. तंबाखूची पानं, काकवी किंवा मध, भरपूर ग्लिसरीन आणि फ्लेवर. चिलमीत ती भरायची, वर भोकं पाडलेली फॉइल, त्यावर पेटता कोळसा. तंबाखू सिगारेटसारखी भडकून जळत नाही, खालून ओढलेल्या गरम हवेने भाजत राहते. दाट पांढरा धूर दिसतो तो मुख्यतः ग्लिसरीनचा. मग तो पाण्यातून जातो, तिथे खरोखर थंड होतो, ओलसर होतो, आणि नळीतून तोंडात येतो.

मिंट मिसळणारे जे करतात ते आपल्या सरबताच्याच नियमांनी चालतं. लिंबू, द्राक्ष, संत्रं, कलिंगड, पान असा एखादा फ्लेवर मुख्य धरतात आणि चार भागांना एक भाग मिंट घालतात. त्याहून जास्त घातलं की मिंटशिवाय काही उरत नाही. कुणी सगळं एकत्र कालवतात, कुणी थर देतात. मेंथॉल लवकर उडतं, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं मिंट पुढे असतं, मग ओसरतं आणि काकवीचा, व्हॅनिलाचा जड गोडवा वर येतो. तळाशी मिंट ठेवलं तर उष्णता उशिरा पोचते आणि ते थोडं जास्त टिकतं. स्पिअरमिंट गोडसर आणि मऊ, पेपरमिंट धारदार, आइस म्हणजे नुसता गारवा. आणि मिंटचा वास नळीत मुरतो. धुता न येणारी नळी असेल तर पुढे कुठलाही फ्लेवर भरा, मिंट येणारच.

माझा भाचा हे सगळं ऐकून मला म्हणाला होता, ‘मावशी, मिंट असलं ना, की घशाला अजिबात लागत नाही. छातीपर्यंत मोकळं वाटतं. म्हणजे मिंटने धूर जरा साफच होत असणार.’

चोंदलेल्या नाकाची गोष्ट आठवा. मेंथॉल श्वास मोकळा करत नाही, मोकळा झाल्याचा निरोप देतं. धुराने घसा खवखवतो, ठसका लागतो, हे शरीराचं सांगणं असतं की पुरे आता. मेंथॉल ती खवखव दडपतं आणि खोकल्याची उबळही कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. धुरातलं काहीही त्याने कमी होत नाही. कमी होतो तो विरोध. म्हणून नवशिक्याला पहिला हुक्का मिंटचा सोपा जातो, झुरका लांब होतो, खोल जातो. सरबतात ज्या गुणामुळे मी मेंथॉलवर प्रेम करते, त्याच गुणामुळे धुरात मला त्याची भीती वाटते. युरोपीय संघाने २० मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या त्या याच कारणाने, नव्या मुलांना सिगारेट सोपी होते म्हणून. हुक्क्याची तंबाखू त्या बंदीतून वगळली गेली, हे मला आजही चुकीचं वाटतं.

धूर किती जातो तेही मुलांना माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या टिपणात आकडे दिले आहेत. एक सिगारेट पाच-सात मिनिटांत आठ ते बारा झुरक्यांत संपते आणि अर्धा लिटरभर धूर आत जातो. हुक्क्याची बैठक २० ते ८० मिनिटांची असते, झुरके ५० ते २००, आणि एकेक झुरका ०.१५ ते १ लिटरचा. एका बैठकीत १०० किंवा त्याहून जास्त सिगारेटींच्या धुराइतका धूर आत जाऊ शकतो, असं ते टिपण म्हणतं. हा हिशेब धुराच्या आकारमानाचा आहे, प्रत्येक विषारी द्रव्य शंभरपट असा त्याचा अर्थ नाही. पण तेवढा आकडाही पुरेसा आहे. पाणी थोडं निकोटिन शोषतं, तेवढ्याने धूर गाळला जात नाही. उलट निकोटिन कमी मिळालं की माणूस जास्त ओढतो.

आणि कोळसा. ‘आम्ही हर्बल घेतो, तंबाखू नसतेच’ असं पुष्कळ मुलं सांगतात. हर्बलमध्ये निकोटिन नसतं, मान्य. कोळसा तोच असतो, काकवी-ग्लिसरीन तेच भाजतं, आणि कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तसाच आत जातो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. बंद खोलीत हुक्का ओढल्यावर डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, त्याला मुलं ‘फ्लेवर लागला’ म्हणतात. पुष्कळदा ती विषबाधेची सुरुवात असते, आणि अशी माणसं इस्पितळात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असं झालं तर कोळसा आधी बाहेर, खिडक्या उघड्या, माणूस मोकळ्या हवेत, आणि बरं वाटेना तर थेट डॉक्टर. अशा वेळी लिंबूपाणी पाजत बसू नका.

गुजरातने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बार बंद केले. तेव्हापासून हा प्रकार घरांच्या गच्च्यांवर आणि फार्महाउसवर गेलाय, म्हणजे जिथे विचारायला कुणी मोठं माणूस नसतं तिथे. म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. भाच्यालाही मी हेच सगळं सांगितलं. त्याला मिंटचा नाद खरंच आहे, वास बारकाईने ओळखतो. मग त्याला पिपरमिंट, वेलदोडा, बडीशेप आणि खडीसाखर समोर ठेवून मुखवास जुळवायला बसवलं. पहिला हात जड पडला, दुसरा छान जमला. वेलदोडा त्याने माझ्यापेक्षा जास्त घातला होता आणि ते बरोबर होतं.

साठवणीबद्दल एवढं सांगते, कारण उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. मेंथॉलचे स्फटिक उघडे राहिले तर वितळल्याशिवायच हवेत उडत जातात, म्हणून बाटली काचेची, घट्ट बुचाची आणि पूर्ण भरलेली हवी. प्लास्टिकच्या पिशवीतून वास बाहेर येतो आणि शेजारच्या चहापत्तीला लागतो. मेंथॉल साधारण ४२ अंशांना वितळतं. बडोद्याच्या मे महिन्यात बंद स्वयंपाकघरात किंवा गाडीच्या डिकीत ते तापमान सहज गाठलं जातं. संध्याकाळी बाटलीत सुयांच्या ऐवजी एकच पांढरा गोळा दिसला तर माल खराब झाला असं समजून टाकून देऊ नका. तो फक्त वितळून पुन्हा गोठलाय. सुरीच्या टोकाने कण खरवडा, साखरेत घोटा आणि नेहमीच्याच प्रमाणात वापरा.